देवस्थानाखालची तार

चालू वस्तूकडे ढुंकूनही न पाहणारा आणि बिघडलेल्या वस्तूवर जीव ओवाळून टाकणारा, माझ्या बायकोच्या थोरल्या मामांसारखा दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात नसेल. पंखा बिनतक्रार फिरत असला की मामांना उकडतं. तोच कुरकुरू लागला की त्यांच्या चेहऱ्यावर वारंच वारं! शेजारणी मिक्सर घेऊन दारात आल्या, तर मामा आधी मिक्सरला “या या” म्हणतात आणि मग शेजारणीला. अशा माणसाला निवृत्तीनंतर एक वीस वर्षं वापरलेली पांढरी मोटार मिळाली, आणि तिच्यातला टेप सहा वर्षं मधूनच मुका होत राहिला. तो का मुका होतो, हे या शहरात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस मी. आज ते लिहून टाकतो. मामांच्या वाचनात हे येण्याची भीती नाही. छापलेल्या मजकुरात दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही म्हणून ते छापील काही वाचतच नाहीत.

झालं होतं ते असं. गाडी आली त्या आठवड्यात मी हौसेनं मारुतीची एक छोटी पितळी मूर्ती भेट नेली. मामी म्हणाल्या, “जावईबापू, पक्की बसवा बरं का. आमच्या भावाच्या गाडीतला देव चिकटवलेला होता, उन्हानं डिंक पातळ झाला अन् देव त्याच्या मांडीवर आला.” मी ती डॅशबोर्डवर पक्की बसवली. अर्ध्या इंचाचा स्क्रू पुरला असता, तिथं मी दोन इंची पिळला. शेवटच्या फेऱ्याला आत काहीतरी ‘चट्’ झालं आणि टेपवरचं भजन अर्ध्या ओळीत थांबून पुन्हा सुरू झालं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं! पण मामा चारचौघांत सांगत होते, “जावयाचा हात बघा, देवासारखा हलका!” आणि मी तो हात खिशात घातला. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. असे जवळजवळ तीनशे रविवार गेले.

मामा जमीन मोजणी खात्यातले. जन्मभर लोकांच्या बांधांवरून साखळी ओढलेली, त्यामुळे बिघाड शोधायचा तोही नकाशा काढून. एका भल्यामोठ्या कागदावर त्यांनी गाडीतली तार न् तार रंगीत पेन्सिलींनी उतरवली होती. ठिकाणांना नावं आमच्या शहरातली. बॅटरी म्हणजे रेल्वे स्टेशन. डॅशबोर्डामागं टेपपाशी तारांची झुंबड उडते, ती ऐन बाजारातली गुलमंडी. आणि मागच्या काचेखालचा एकुलता एक स्पीकर म्हणजे शहराच्या टोकाचं पडेगाव. मी गेलो की मामा सीटखाली उताणे पडलेले, पाय रस्त्यावर, आणि आतून आरोळी, “जावईबापू, आवाज गुलमंडीतून निघालाय, पडेगावला उतरलाच नाय! मधी कुठं चहाला थांबला, सांगा!” मी पक्कड पुढं करायचो. चोरानं फौजदाराला कंदील दाखवावा, तसा.

नकाशात एक जागा मात्र कोरी होती. मूर्तीभोवती मामांनी लाल गोल काढून आत लिहिलं होतं, ‘देवस्थान इनाम. मोजणी नाही.’ नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात त्यांनी चपलांसकट देवळाच्या आवारातून साखळी ओढली होती आणि त्याच संध्याकाळी त्यांना गाढव चावलं. तेव्हापासून देवाच्या जागेला हात जोडून बाजूनं जायचं, हा त्यांचा नियम. त्यामुळे सगळी गाडी सोलून झाली तरी तेवढी वीतभर तार शाबूत राहिली. म्हणजे शाबूत नव्हतीच!

गाडी हिसकली की टेप बंद, पुन्हा हिसकली की चालू. एकदा दौलताबादच्या रस्त्यावर मामांनी एकाच गतिरोधकावरून अकरा वेळा गाडी मागं-पुढं नेली. मामी पुढं, मी मागं, दोघंही उडतोय. शेवटी टपरीवाला धावत आला. “क्या चाचा, कुछ गिर गया क्या?”

“आवाज गिर गया!” मामा ओरडले. “जरा देखो, इधरीच होना!”

तो बिचारा खरोखरच वाकून बघायला लागला.

आणि मग गेल्या महिन्यात मामींचा फोन आला. “जावईबापू, ह्यांनी गाडी द्यायची ठरवलीय. लासूर स्टेशनचे एक आडते उद्या दुपारी न्यायला यायलेत. दोन दिवस झाले, घरातलं काहीच उघडलं नाय ह्यांनी. घड्याळ बंद पडलंय, त्याच्याकडं बघेनात. मला लई भ्या वाटायलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. मामा गाडी धूत होते. नकाशा घडी घालून पायरीवर ठेवलेला.

“गाडीनं जिंकलं, जावईबापू,” ते म्हणाले. “हजार शिवारं मोजली, पर चार हाताची गाडी काय मला मोजता आली नाय.”

“मामा,” मी म्हटलं, “तार मी तोडली. देवाखाली. स्क्रू दोन इंची होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

मी मान खाली घालून उभा राहिलो. शिव्या खायची मनाची पूर्ण तयारी होती. खरं तर भूकच होती. पण साबणानं भरलेले दोन हात माझ्या खांद्यांवर पडले. मामांचे डोळे बशीएवढे झाले होते.

“देवस्थानात? म्हणजे बाकीचा माझा नकाशा बरोबर होता?” आणि घराकडं वळून, “अगं ए! उदबत्ती आण! पेचकस आण! टॉर्चमधला सेल आण!”

उदबत्ती लागली. “मारुतीराया, सरकारी मोजणी हाय, जरा सरका,” म्हणत मामांनी स्क्रू काढला, मूर्ती मामींच्या ओंजळीत दिली आणि खालची तार ओढून मोकळी केली. स्क्रू होता तिथून अलीकडं सेल टेकवला. पडेगाव गप्प. पलीकडं टेकवला.

मागच्या काचेखालून खट्!

“बोललं! बोललं!” मामा अंगणात गिरकी घेऊन नाचले.

“वय काय, नाचताय काय!” असं म्हणत मामीही मूर्तीसकट हसत होत्या.

तार जोडली, पट्टी गुंडाळली आणि भजन असं दणदणलं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. दुपारी आलेल्या आडत्यांना चहा पाजून मामांनी परत पाठवलं. “गाडी नीट झाली हो, आता कशी देऊ?”

“मामा, रागवा तरी,” मी म्हटलं.

“कशापायी? सहा वर्षं दर रविवारी आलात. पोटचा पोरगा येत नाय एवढ्यांदा. मला वाटायचं, तुम्हालाबी गोडी लागली ह्याची.”

मी अपराधापोटी येत होतो, हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर तीन रविवार मी पाहिले. मामा गाडीत बसलेले, हात मांडीवर, टेप सलग वाजतोय. “चांगलं वाजतंय,” ते म्हणायचे. मग थोड्या वेळानं, “मधी काहीच होईना हो.” दुखणं बरं करून मी त्यांचं काय काढून घेतलं, हे मला तेव्हा उमगलं.

म्हणून आज सकाळी मी खाली जाऊन माझ्याच गाडीच्या हॉर्नची तार सैल केली आणि फोन लावला.

“मामा, हॉर्न वाजेना.”

“हात लावू नका! कशालाच हात लावू नका! निघालोच!”

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा टेप आता ऐकू येतोय. हा दुसरा गुन्हा कबूल करायला मला किती वर्षं लागतील, ठाऊक नाही. पण मामांच्या काखेत कोरा कागद असेल, एवढं नक्की.