शाकारलेली गाडी

आमच्या मामंजींनी मोटार घेतली ती समुद्रावर रुसून. घरचा शिडाचा मचवा होता. त्यातून कौलं, मीठ, नारळ असा माल मुंबईपासून खाली कारवारपर्यंत जायचा. मग रस्त्याने ट्रक धावायला लागले आणि मचवा दोन वर्षं वाळूवर नुसता पडून राहिला. तो विकला त्याच महिन्यात मामंजी मुंबईला गेले आणि कुणा शेटजीची जुनी, हिरव्या रंगाची विलायती मोटार घेऊन घाटावरून घरी आले. मी लग्न होऊन तोंडवलीत आले ती पुढच्याच वर्षी. साठ साल असेल, नाहीतर एकसष्ट. माझे यजमान मुंबईला गोदीत नोकरीला, वर्षातून दोनदा यायचे. घरात माणसं तीन: मामंजी, सासूबाई आणि मी.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात त्या काळी दारात मोटार म्हणजे केवढा थाट! कसला थाट घेऊन बसलात, नुसता डोक्याला ताप. पेट्रोल मालवणहून डब्यातून आणायचं. चढाला लागली की इंजीन तापायचं, मग कुणाच्या तरी विहिरीवरून कळशीभर पाणी मागून आणायचं. काच उघडी राहिली तर मागच्या गादीवर कोंबडी अंडी घालून जायची. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे खारा वारा. आज पत्रा चकचकीत पुसावा, तर महिन्याभरात त्यावर गोवर उठल्यासारखे तांबडे ठिपके.

त्यावर मामंजींना उपाय एकच ठाऊक होता. होडीच्या लाकडाला चोपडतात ते मुशी माशाचं तेल त्यांनी गाडीला खालून-वरून चोपडलं. "समुद्रात टिकता, मगे रस्त्यार कित्याक टिकाचा नाय?" असा त्यांचा हिशेब. गंज थांबला हो, खोटं कशाला बोलू! पण वास? गाडी कुठेही उभी केली की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार मांजरं नि वर कावळे. एकदा वाडीतल्या लग्नाला नवरीसाठी गाडी दिली. नवरी सासरी उतरली ती नाकाला पदर लावून. बायका म्हणाल्या, रडतेय बिचारी, आईची आठवण येतेय! मला हसू आवरेना, सासूबाईंनी चिमटा काढला.

पण मनातलं सांगायचं तर मला त्या गाडीत बसणं फार म्हणजे फारच आवडायचं. सुनेने सासऱ्यासमोर बसायची रीत नव्हती, म्हणून मी मागे, डोक्यावरून पदर घेऊन, खिडकीला टेकून. मामंजी गाडी हाकायचे तीही वारा मंद असल्यासारखी, बैलगाडीवाला पुढे निघून जाईल इतकी सावकाश. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर यायचं आणि गाडीबरोबर इकडून तिकडे सरकायचं. इंजिनाची गुरगुर कानात घुमत राहायची आणि माझे डोळे धड मिटलेलेही नसायचे, धड उघडेही नसायचे. गाडी चालली असायची बाजारात नाहीतर देवळात, पण मला वाटायचं, आपण माहेरी चाललोय. कसाल आलं, डावीकडे वळलो, समोर घाटाची निळी भिंत उभी राहिली, खाली आमची वाडी, दारात आई. सासूबाई म्हणायच्या, "उतर गो, बाजार इलो," तेव्हा मी खरोखरीच दचकायची.

माझं माहेर आता वैभववाडी म्हणतात त्या बाजूचं, अगदी घाटाच्या पायथ्याचं. वडील शिक्षक होते, ते मी लहान असतानाच गेले. भाऊ नाही, बहीण नाही. आई एकटी राहायची. लग्नात निरोप देताना ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या तोंडात शेवटचं पाणी तू घालायचंस. दुसरं कोण आहे मला?" भरल्या मांडवात असं बोलतात का कुणी? मी तिच्यावर चिडले होते. पण तो शब्द माझ्या मनात घर करून बसला.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे मिरग लागला की होड्या वर ओढतात. शीड, सुकाणू, डोलकाठी सगळं उतरवून घरात ठेवतात आणि होडी नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारून टाकतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मगच ती पुन्हा पाण्यात. मामंजी गाडीचंही तस्संच करायचे. चारी चाकं काढायची, माळ्यावर आढ्याला टांगायची. गाडी फणसाच्या ओंडक्यांवर चढवायची. वरून झापं, त्यावर काथ्याचे दोर. पुढचे अडीच महिने अंगणात गाडी नव्हेच, एक झोपडी उभी असायची. पावसात तिच्यावरून पाणी ओघळायचं, ते बघत मी पडवीत वाती वळत बसायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या गावात कुणालाच वाटलं नाही. पावसात बाहेर काढतात त्या छत्र्या, होड्या नि गाड्या नव्हेत.

लग्नानंतरचा तिसरा पाऊस. आषाढ संपत आला होता, दुसऱ्या दिवशी अमावस्या. सकाळी आठाच्या सुमाराला तारवाला भिजत आला. तार शेजारच्या काकांची होती: आई गंभीर, ताबडतोब निघा.

मी पडवीतच बसले. पावसाळ्यात आमच्या गावात एस.टी. येत नसे. चालत मोठा रस्ता गाठायचा, तिथून कसाल, तिथे रात्र काढायची आणि सकाळी पुढची गाडी. म्हणजे उद्या दुपार. मामंजींनी तार माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग छत्री न घेता अंगणात उतरले आणि कोयत्याने गाडीवरचे दोर तोडायला लागले.

सासूबाई दारात आल्या. "अवो, पुनव जावक नाय अजून!"

"माका म्हायत आसा," मामंजी म्हणाले. "पोरीची आवस वाट बघता."

त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण गाडी म्हणजे काही खाटेखालची चप्पल नव्हे, ओढली नि घातली. माळ्यावरून चाकं उतरवायची होती. शेजारचे दोन बाप्ये आले. चाकांचे नट एका डब्यात तेलात बुडवून ठेवलेले, तो डबाच सापडेना. सापडला तर एका चाकात हवा नाही. हातपंपाने हवा भरता भरता तिघांचे दंड भरून आले. मी कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन नुसती बघत होते. दहा वाजून गेले. शेवटी हँडल मारलं, गाडी खोकली, थुंकली आणि सुरू झाली. मी धावत जाऊन आत बसले.

आणि मामंजी उतरले! घरात गेले, नारळ घेऊन बाहेर आले आणि समुद्राच्या वाटेला लागले.

"मामंजी, खंय चललात?" मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर आवाज चढवला.

"नारळ दिल्याबिगर कसा काढू, बाय? तुका सुखरूप न्हेवचा आसा माका."

अर्धा तास! जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा मिनिटं, त्यात तो धो धो पाऊस. रस्त्यावरून जायच्या गाडीसाठी समुद्राला नारळ! मी मागच्या गादीवर दात-ओठ खात बसले. ते परतले ते नखशिखांत निथळत, पण चेहरा शांत. हात जोडून गाडीत बसले आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर मैल-दीड मैलावर खाडीला मिळणारा ओढा होता, त्याच्यावर दगडी फरशीचा ठेंगणा पूल. फरशीपाशी पोचलो तर फरशीच नाही. इकडच्या झाडापासून तिकडच्या झाडापर्यंत तांबूस पाणी. वरून ओढ्याचा लोंढा आणि खालून अमावस्येची भरती. मामंजींनी गाडी थांबवली, बांबूची काठी घेऊन पाण्यात उतरले, मांडीपर्यंत गेले आणि मागे आले.

"भरती बाराची. सुकती लागली काय पाणी उतरतला. दोन-अडीच वाजतले."

"आणि आपण नवाला इथे आलो असतो तर?"

मामंजी पुन्हा पाण्यात उतरले. काठी फरशीच्या तोंडाशी रोवून गाडीत येऊन बसले.

ते तीन तास मला आजही कधी कधी डोळ्यांसमोर दिसतात, जागेपणी. काचा आतून धुरकटल्या होत्या. बाहेरचं सगळं हिरवं एकमेकांत मिसळून गेलं होतं, झाडं कुठे संपतात नि भात कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. टपावर पाऊस एका लयीत वाजत होता. रस्त्यावर, जिथे चाकांची चाकोरी असायची तिथे, बोयटे मासे उड्या मारत होते. काही वेळाने मला वाटायला लागलं, की गाडी चाललीच आहे, पाणी स्थिर आहे नि आपणच सरकतोय. आईच्या अंगणातली अबोली दिसली. आई चुलीपुढे बसून आंबोळ्या घालत होती आणि मागे न बघताच म्हणत होती, आलीस? बस. मी पुढे वाकून हाकही मारली असावी, कारण मामंजी मागे वळले.

"मचवो असताना वाऱ्यासाठी तीन-तीन दिस वाट बघलंय गो," ते म्हणाले. "घाई करून वारो येणा नाय."

माझा तोल गेला. "तुमका वाऱ्याची सवय, मामंजी. माजी आवस वारो न्हय. चाकां टांगूक कोणी सांगितल्यान होती तुमका? आणि तो नारळ! तेवढ्यात आपण पार झालो असतो!"

एवढं बोलून मी रडायला लागले. त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. इतक्या वादळांतून मचवा काढलेला माणूस, पण सुनेच्या चार शब्दांनी पार खचला. मला त्याची तेव्हा कीव आली नाही. आणखी बोलायला शब्द मिळाले असते तर तेही बोलले असते.

अडीचला काठीचं बूड उघडं पडलं. गाडी पाण्यात घातली तेव्हा तळातून पाणी आत येऊन माझी पावलं भिजली. मामंजी ओठ आवळून, सुकाणू धरल्यासारखं चाक दोन्ही हातांत घट्ट धरून होते. पार झालो. कसाल गेलं, डावीकडे वळलो. एरवी सावकाश चालणारे मामंजी त्या दिवशी चिखलातून अशी गाडी पळवत होते की माझं डोकं टपाला आपटत होतं. एकदाही ते थांबले नाहीत. समोर घाटाची भिंत उभी राहिली, पण निळी नाही, काळीकुट्ट.

वाडीत शिरलो तेव्हा सहा वाजले होते. आमच्या अंगणात बायका उभ्या होत्या. शेजारच्या काकूंनी मला जवळ घेतलं.

"पाचाक गेली गो. सारखी विचारी होती, इली काय, इली काय. मगे मीच पाणी घातलंय."

मी आत धावले. तासाभराचं अंतर! हात अजून ऊन होते तिचे. पुढचं मला सांगवत नाही. एवढं आठवतं की बाहेर आले तेव्हा मामंजी अंगणात पावसात उभे होते. काका त्यांना पडवीत बोलवत होते, ते येत नव्हते.

तेरावा करून मी सासरी परतले. मामंजींशी मी बोलायचंच सोडून दिलं. जेवायला वाढायची, विचारलं तर 'हो', 'नाही'. सासूबाई रागवायच्या, "म्हातारो झुरता गो, काय तरी बोल." मी म्हणायची, काय बोलू? तोंडाशी एकच गोष्ट यायची, आणि ती एकदा बोलून झाली होती. वर्ष सरत आलं असं.

पुढचा मिरग आला. शेजारचे बाप्ये झापं घेऊन अंगणात हजर, ओंडके तयार. मामंजी पडवीत बसले होते.

"झापां परत न्हेवा," ते म्हणाले. "गाडी उगडी रवतली."

"अवो, कुसान जायत ती!" सासूबाई म्हणाल्या.

"कुसांदे."

चारही चाकांवर उभी गाडी, तोंड रस्त्याकडे. पहिल्याच आठवड्यात तेल धुऊन गेलं, श्रावणात पत्र्याला पापुद्रे सुटले. मामंजी रोज सकाळी छत्री घेऊन जायचे, हँडल मारायचे, गाडी सुरू झालेली ऐकायचे आणि बंद करून घरात यायचे. दोन महिने मी बघत राहिले. मग एका सकाळी पडवीतून खाली उतरले.

"मामंजी, झाकून टाका ती. माका आता खंय जावचा नाय. माजा माहेर संपला."

ते हँडल हातात धरून वाकलेले होते, तसेच राहिले. "म्हायत आसा, बाय," ते म्हणाले.

आणि त्यांनी हँडल मारलं.