रांजणाशेजारची पेटी

पहाटे चारला सुभद्राचा दिवस सुरू होई. धारच्या नगारखान्यावरचा चौघडा वाजायला तेव्हा अवकाश असे. उठल्यावर ती आधी चूल पेटवत नसे. तोंड धुऊन, हात पुरते कोरडे करून ती रांजणाशेजारची देवदारी पेटी उघडी, आतला एक चिरूट उचली, कानाशी धरी आणि दोन बोटांनी हलके दाबी. करकरला तर कोरडा. दाबलेला खळगा तसाच राहिला तर ओला. दबून गुपचूप परत वर आला तर बरोबर. हे तिने कधी घाईत केले नाही.

चिरूट तिचे नव्हते. ते भैयासाहेबांचे होते, आणि भैयासाहेब वारले होते.

भैयासाहेब धारचे सरदार. महूच्या छावणीतल्या दुकानातून त्रिचनापल्लीचे चिरूट ते पेट्यांनी मागवत. सुभद्राचा नवरा मारुती त्यांचा खिदमतगार. संध्याकाळी चिरूट पेटवून देणे त्याच्याकडे. भैयासाहेब अर्धा ओढत आणि उरलेला काही न बोलता मारुतीपुढे धरत. मारुती तो विझवून घरी आणी आणि रांजणाजवळच्या गारव्याला बसून परत पेटवी. दोनदा खोके, मग आपल्याशीच हसे. सुभद्रा देवासची. माहेरी तंबाखू ओढणारे कोणी नव्हते. त्या वासाने तिला मळमळे, आणि मारुतीला ती रोज तसे सांगे.

मग माळव्यात प्लेग आला. गाव रिकामे झाले. लोक नालछ्याच्या रस्त्याला शेतांत झोपड्या बांधून राहिले. तिथे भैयासाहेबांना ताप चढला, काखेत गाठ आली. घरची माणसे दारापर्यंत जात. आत मारुती एकटा होता. त्याने पाणी पाजले, अंग पुसले, घाण काढली. भैयासाहेब गेले आणि त्यांच्यामागून तोही गेला.

भैयासाहेबांना चंदन मिळाले. मारुतीला इतर प्रेतांबरोबर बैलगाडीत घालून नेले. सुभद्राला लांबच्या झोपड्यांत अडवून ठेवले होते. तिला कळले तेव्हा गाडी रिकामी होऊन परत आली होती. कुठे रिकामी झाली, ते गाडीवानाला ठाऊक. तोही प्लेगातच गेला.

पुढे तलावाकाठी भैयासाहेबांची छत्री, म्हणजे दगडी स्मारक, बांधली. दगडकामाला मी होतो. सरदारांची रीत अशी की छत्रीत मूर्ती बसली म्हणजे ती जिवंत धरायची. सकाळी तोंड धुवायला पाणी, दुपारी ताट, उन्हाळ्यात पंखा, संध्याकाळी विडा. भैयासाहेबांच्या पत्नी बाईसाहेबांनी विड्यासोबत चिरूटही लावून दिला. ते काम सुभद्राला मिळाले. मारुतीला मिळालेली तबेल्यामागची खोलीही त्या कामापुरती तिच्याकडे राहिली.

ओढणारा नसेल तर चिरूट विझतो. म्हणून तो मूर्तीपुढे चांदीच्या बैठकीवर, जाळीच्या तोंडाशी ठेवत. तलावावरचा वारा जाळीतून नेमका तिथे येई आणि चिरूट शेवटपर्यंत जळे. लोक म्हणत, सरकार ओढतात. जाळी मी कोरली होती.

पण चिरूट असा जळायचा तर आत ओल बेताची हवी. माळव्याच्या उन्हाळ्यात छत्रीत ठेवलेल्या चिरुटांची पाने तडकली. तेव्हा पेटी सुभद्राच्या खोलीत गेली. पहिल्यांदा ती चुकली. पिण्याच्या पाण्यात घालतात तसा ओला वाळा तिने पेटीत घातला. चिरुटांवर पांढरी बुरशी धरली. जे वाचले त्यांना वाळ्याचा वास लागला. बाईसाहेबांनी एक हुंगला आणि म्हणाल्या की हे अत्तर झाले, ते याला हात लावायचे नाहीत. सगळा थर टाकावा लागला.

त्यानंतर ती शिकली. चिरुटाला पाणी द्यायचे नाही, पाण्याचा शेजार द्यायचा. रांजण पाझरतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर तिने विटा मांडल्या आणि वर पेटी ठेवली. उन्हाळ्याची गरम लू सुटली की पेटी थोडी जवळ, हवा गार झाली की लांब. पावसाळ्यात पेटी उलट्या कोपऱ्यात, आणि आत वाटीभर भाजलेले मीठ. मिठाला पाणी सुटले की ते काढून पुन्हा भाजायचे. दिवसातून किती वेळा भाजते, असे मी एकदा विचारले. सुटेल तितक्या वेळा, असे तिचे उत्तर.

रांजणाशेजारची ती जागा मारुतीची होती. तिथे पेटी आली आणि खोलीत त्याचा वास परत आला. आता तिला मळमळत नसे. छत्रीची एक पायरी खचली होती, ती मी बसवत होतो तेव्हा ती पाणी भरायला आली आणि भरलेली घागर खाली ठेवून म्हणाली,

"दादा, तो पहाटे खोकतो. दोनदा. हसत मात्र नाही."

मी पहार चालवत राहिलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात चिरूट मध्येच विझू लागला. रोज अर्ध्यावर. पहिल्यांदा पहारेकरी शालिग्रामने थट्टा केली, "बई, सरकार को पेट तो आधा में ई भरी ग्यो." तेच रोज होऊ लागले तेव्हा तो विझलेल्या चिरुटाकडे बघेनासा झाला. आपली बसायची चौकीही त्याने छत्रीपासून लांब हलवली.

गोष्ट कारभारी दत्तोपंतांच्या कानावर गेली. धुरात पैसा जातो म्हणून चिरूट त्यांना आधीपासूनच नको होता. त्यांनी सुभद्राला बोलावून विचारले की पाणी तुझ्या घरात जास्त झाले आहे की डोळ्यांत. सरकार नाराज आहेत, हे सगळ्या गावाला दिसते, असेही म्हणाले. श्राद्धाला बाईसाहेब छत्रीवर येणार होत्या. तोवर चिरूट नीट जळला नाही तर चिरूट बंद, आणि तबेल्यामागची खोली रिकामी करायची.

पोटाचे तिला फारसे वाटले नाही. दळण-कांडण करून ती कुठेही जगली असती. पण मारुतीला जाळल्याची जागा तिला ठाऊक नव्हती. तो येत होता तो त्या एका कोपऱ्यात. खोली गेली तर तो कुठे येणार, हेच ती मला पुन्हा पुन्हा विचारी.

कारण तिनेच शोधले. एक चिरूट घेऊन तिने दोन्ही टोके दाबली. तोंडाकडचे टोक मऊ, पेटवायचे टोक कडक. सगळ्या चिरुटांची तोंडे एकाच बाजूला होती आणि ती बाजू सदा रांजणाकडे. जळत जळत ओलीपर्यंत आला की चिरूट विझे. त्या दिवसापासून ती रोज पहाटे पेटी फिरवू लागली. आज हे टोक रांजणाकडे, उद्या ते. मधले चिरूट कडेला, कडेचे मध्ये, एकेक उचलून. पेटी जड होती, आणि एकही पान न मोडता हे करायचे म्हणजे कंबर धरते.

काही दिवसांनी चिरूट शेवटपर्यंत जळला. मग रोजच जळू लागला. शालिग्रामने चौकी परत जागेवर आणली. "आज तो सरकार पूरो पी ग्या," म्हणाला.

आणि पहाटेचा खोकला बंद झाला.

सुभद्रा वाळत चालली. मी समजावले की हा ओलीचा खेळ आहे, तूच तर कारण काढलेस.

"कारण मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण सरकारांनी सगळा ओढला, तर त्याला काय उरलं?"

पेटी फिरवायची थांबवली की चिरूट परत अर्ध्यावर विझणार, हे तिला कळत होते. मलाही कळत होते. थांबव असे मी सांगितले नाही, थांबवू नको असेही नाही. श्राद्धाच्या आदल्या पहाटे ती पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसली होती, असे तिने मला नंतर सांगितले. मग तिने पेटी फिरवली. काम बिघडवून बोलावलेले मारुतीला आवडले नसते, म्हणाली.

श्राद्धाच्या संध्याकाळी छत्रीवर चटया अंथरल्या होत्या. बाईसाहेब पडद्याआड बसल्या. चिरूट बैठकीवर ठेवण्याआधी सुभद्राने तो माझ्या कानाशी धरला आणि दोन्ही टोके दाबली. दोन्हीकडे सारखा दबला, सारखा वर आला. पश्चिमेचा वारा होता. माझ्या जाळीत एकही भोक बुजलेले नव्हते, सकाळी मीच झाडली होती.

चिरूट पेटला. राख लांब होत गेली. अर्ध्यावर निखारा लाल होता तो तांबूस झाला, मग काळा. धुराची एक रेघ वर गेली आणि संपली. मूर्तीच्या गळ्यातली झेंडूची माळ वाऱ्याने हलतच होती.

मग दत्तोपंत म्हणाले, "बघितलंत, बाईसाहेब? ओलाच ठेवते ही."

"दोन्ही टोकं दाबून बघा, पंत," सुभद्रा म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला नाही. पडद्याखालून बाईसाहेबांचा हात आला. सुभद्राने चिरूट त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो दाबला की नाही, ते मला दिसले नाही.

"ते कधी पुरा ओढत नसत," शेवटी बाईसाहेब म्हणाल्या. "उरलेला मारुतीचा. त्याला नेऊन दे."

सुभद्रा चिरूट हातात घेऊन उभी राहिली.

"कुठे नेऊ, बाईसाहेब?"

दत्तोपंत तलावाकडे बघू लागले. पडद्याआड कोणीतरी रडत होते. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी सांगितले की छत्रीच्या खालच्या पायरीशी, बाहेरच्या अंगाला, मारुतीच्या नावाचा दगड बसवायला हरकत नाही. चिरूट चालू राहील, खोलीही राहील. खर्च इथून मिळणार नाही, एवढे दत्तोपंतांनी लगेच बजावले. सुभद्राने मागितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. छत्रीच्या कामातला एक उरलेला दगड माझ्याकडे होता, तो मी फुकट देऊ केला. त्याला उरलेलंच किती दिवस द्यायचं, ती म्हणाली. आम्ही नालछ्याच्या रस्त्यावरच्या खाणीवर गेलो. तिने दगड हाताने ठोकले आणि कान लावून ऐकले. बोदा वाजला तो सोडला. खणखणीत वाजला तो घेतला. मला वेगळे निवडावे लागले नाही. त्यावर मी दोन पावले कोरली, छत्रीकडे तोंड केलेली, आणि पावलांपुढे एक खाच. खाच किती लांब हवी, असे विचारले तेव्हा तिने विझलेला चिरूटच दगडावर ठेवून दाखवला.

दगड पायरीशी बसवला, त्या संध्याकाळी वारा पडला होता. तिथे जाळी नाही, आडोसा आहे. तिने अर्धा चिरूट पेटवून खाचेत ठेवला. तो शेवटपर्यंत जळला. मी तिथेच उभा होतो. खोकला मी ऐकला नाही. सुभद्राने मान वर केली आणि हसली, कोणाच्या तरी हसण्यात हसावे तशी.

पुढे कितीतरी वर्षे असेच चालले. मूर्तीपुढे अर्धा, पायरीशी अर्धा. शालिग्रामही म्हातारा होईतो त्या पायरीवर कधी बसला नाही. बाईसाहेब गेल्यावर चिरूट यायचे बंद झाले. सुभद्राने पेटी पुसली, उन्हात वाळवली आणि परत केली. मग ती देवासला बहिणीकडे गेली, तिथेच वारली. बरोबर गाठोडे नेले ते लुगड्यांचे. दागिना नव्हता, भांडेही एखादेच. इतकी वर्षे राबून बाईने काय केले, असे देवासच्या लोकांनी विचारले असेल. त्यांना ते धारला येऊन पाहावे लागले असते. छत्रीच्या खालच्या पायरीशी तो काळा दगड आहे. दगडाचे, गाडीचे आणि माझ्या हातांचे पूर्ण पैसे तिने आपल्या पगारातून दिले.