पत्र्याखालचं वारं

"कोल्हापूरला कसला आलाय उन्हाळा!" असं आमच्या ऑफिसात सोलापूरहून बदलून आलेले एक साहेब सारखे म्हणायचे. मी त्यांना एकदाच उत्तर दिलं. "साहेब, एप्रिलात दुपारी दोन वाजता आमच्या घरी जेवायला या." आले. भाकरीचा दुसरा तुकडा मोडायच्या आत उठले, आणि पुन्हा कधी सोलापूरचं नाव काढलं नाही!

उकाड्याचे किस्से साठतात ते असे. माणसं घामाघूम होऊन पायरीवर येऊन बसतात, करायला काही नसतं, मग तोंड सुरू होतं. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत आमची पाच खोल्यांची ओळ होती, वर एकच सलग पत्रा. एका खोलीत मी, आई आणि आबा, म्हणजे माझे वडील. शेजारी मुल्लाचाचा, ते पंख्यांचं आणि मोटारींचं वायंडिंग करायचे. पलीकडं कांबळे मास्तर. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी हे किस्से हसत हसत सांगतो. हसतो म्हणजे काय, दुसरं करणार काय?

*

एकदा सगळी ओळ मिळून घरमालकाकडं गेलो. पत्र्याखाली निदान फळ्या तरी मारून द्या, म्हटलं. मालक खुर्चीत बसून कलिंगड खात होते. त्यांनी सावकाश बिया थुंकल्या.

"पत्रा नवा हाय, म्हणून तापतोय," म्हणाले. "जुना झाला की आपसुख गार पडंल."

हे ते आठ वर्षं सांगत होते!

*

आबांची जिंदगी हुपरीत गेली, चांदीचे पैंजण करण्यात. भट्टीपुढं बसायचं, आणि डाग देताना, म्हणजे कड्या सांधताना, ज्योत हलू नये म्हणून दारंखिडक्या बंद. चाळीस वर्षं! डोळे मंदावले तेव्हा मी त्यांना कोल्हापूरला घेऊन आलो. एस्टीतनं उतरल्या उतरल्या म्हणाले, "आता काय न्हाय बघ. आता नुसतं मोकळ्या हवेला बसून ऱ्हाणार."

बिचारे! मी त्यांना आणलं कुठं, तर ह्या पत्र्याखाली. पहिल्या उन्हाळ्यात पंचा ओला करून डोक्यावर घ्यायचे, तो पाच मिनिटांत वाळायचा. मग एक दिवस वर बघून म्हणाले, "आमची भट्टी बरी हुती की रं. सांजचं इझायची तरी!"

संध्याकाळी मात्र पायरीवर जाऊन बसायचे. झुळूक आली की डोळे मिटायचे. तेवढंच त्यांचं सुख.

*

पत्र्यावर उसाचा पाला पसरायचा आणि वरून पाणी मारायचं, हा उपाय कांबळे मास्तरांचा. मुल्लाचाचांनी ओळखीच्या गाडीवानाला सांगितलं. तो म्हणाला, "वाळका आणू का हिरवा?"

"हिरवाच आण की," चाचा म्हणाले, "जास्त गार!"

हिरवं म्हणजे वाडं, उसाचा शेंडा. जनावरं त्याच्यावर जीव टाकतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोन दिवस खोलीत खरंच बरं वाटलं. आबा तर चक्क दुपारचे झोपले! तिसऱ्या दिवशी ऑफिसातनं येतो तर रस्त्यानं चाललेल्या दोन म्हशी माना वर करून पत्र्याच्या कडेला लागलेल्या. अर्धा पत्रा उघडा पडला होता. मी धावलो, ओरडलो. म्हशींच्या मालकानं उलट मलाच झापलं.

"पावणं, वैरण एवढ्या उंचावर ठेवत्यात व्हय? माना अवघडल्या की जनावरांच्या!"

*

आणि चैत्र सरता सरता आबांच्या अंगावरनं वारं गेलं. अर्धांगाला आमच्याकडं असंच म्हणतात. सकाळी उठायला गेले तर उजवा हात, उजवा पाय बधिर, आणि वाचा बंद. चाळीस वर्षं भट्टीला बसलेला माणूस, आता त्याच तापलेल्या खोलीत खाटेवर पडला. त्यांना जरा गारवा मिळावा, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

पण आईनं शब्द धरून ठेवला. वारं गेलं म्हणजे वाऱ्यानंच केलं! रोज सांजचं पायरीवर बसत होते ना, ते नडलं. खोलीला एकुलती एक खिडकी, तिला आईनं वाकळ ठोकली. दारात घोंगडं. भेटायला येणारी प्रत्येक बाई मान डोलवायची, "वाऱ्याला जपा हं!"

मी डॉक्टरांना घेऊन आलो. आत पाऊल टाकताच त्यांचा रुमाल ओला झाला. "अहो, इथं हवा खेळती ठेवा!"

आई म्हणाली, "खेळत्या हवेनंच तर घात केला, डाक्टर!"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी चपला बघत राहिलो. बी.कॉम. झालेला गडी मी, पण आईपुढं तोंड उघडलं नाही. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

*

त्याच आठवड्यात कांबळे मास्तरांनी टेबलफॅन आणला. ओळीतला पहिला! सगळे बघायला जमले. पंखा सुरू झाला आणि मान इकडून तिकडं फिरवायला लागला. मास्तरांच्या सासूबाईंनी कधी असला पंखा बघितला नव्हता. त्या म्हणाल्या, "ह्यो तर न्हाय न्हाय म्हणतोय की ओ!"

सगळे हसले. मास्तर मात्र आमच्या खिडकीच्या वाकळेकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी स्वतः पंखा उचलून घेऊन आले. "आम्ही दुपारचे शाळेत असतो. आबांना लावा."

आई दारात आडवी उभी राहिली. "मास्तर, तुमच्या पाया पडती. त्यो आत आणू नगासा."

मग मुल्लाचाचांनी तोड काढली. पंख्याचं तोंड भिंतीकडं करायचं. "वारं भिंतीला लागंल, आबास्नी नुसता गारवा. वहिनी, ह्याला तर हरकत न्हाय?" आईनं बराच विचार केला आणि हो म्हणाली. मला तर चाचांना मिठी मारावीशी वाटली.

चाचांनी बटण दाबलं. भिंतीला आठ वर्षांपूर्वीचा चुना होता. सगळा उठला! डोळे, नाक, तोंड, आबा नखशिखांत पांढरे. ठसका लागला तो थांबेना.

"बघा!" आई म्हणाली. "बघा! मी काय म्हणत हुते!"

पंखा परत गेला.

*

तरी चाचांनी हार मानली नाही. एका सकाळी ते बर्फाच्या कारखान्यातनं लादी घेऊन आले, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. घमेल्यात घातली आणि खाटेखाली सारली. वारं नाही, पंखा नाही, आईला बोलायला जागाच नाही! मास्तर बघायला आले, चाचा होतेच. घामानं आंघोळ होत होती म्हणून आम्ही तिघंही डोक्याला हात लावून गप बसलो होतो. आबांनी गारव्यानं डोळे मिटले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

नेमका त्या वेळी गडहिंग्लजचा मामा आला. आबांना बरं नाही असं कळल्यावर पहिल्या गाडीनं निघालेला. त्यानं घोंगडं बाजूला केलं. खाट बघितली, मिटलेले डोळे बघितले, खाटेखालचा बर्फ बघितला, डोकं धरून बसलेले आम्ही तिघं बघितले.

त्यानं पिशवी टाकली आणि हंबरडा फोडला. "दाजी! मला न भेटताच गेलासा की ओ दाजी!"

आबांनी डोळे उघडले! मामा किंचाळून मागं सरला आणि चाचांच्या मांडीवर बसला. आम्ही पोट धरधरून हसलो. आई हसली नाही. "असला अभद्र बर्फ माझ्या घरात नगं," म्हणाली, आणि घमेलं उचलून गटारीत ओतलं. आबा मान वळवून त्या रिकाम्या घमेल्याकडं बघत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

*

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी आबांना शब्द फुटला. रविवार होता, मी घरीच होतो. आधी नुसतं "वा... वा..." असं चाललं होतं. ओठ वाकडे, लाळ गळतेय. आणि मग एकदम स्वच्छ म्हणाले, "वारं."

आई हरखून गेली. "बोलले! ह्ये बोलले!" पाचही खोल्यांत जाऊन सगळ्यांच्या हातावर साखर ठेवून आली. परत येऊन खाटेवर बसली.

आबा पुन्हा म्हणाले, "वारं." आणि डावा हात खिडकीकडं केला.

"बघितलंस?" आई मला म्हणाली. "अजून वारं लागतंय त्यास्नी. तितनं येतंय म्हणत्यात."

वाकळेच्या वरच्या अंगाला, पत्रा आणि भिंत यांच्यामधे, बोटभर फट राहिली होती. स्टुलावर मी चढलो. जुनं धोतर फाडून ती मीच बुजवली. खाली बघितलं तर आबा माझ्याकडंच बघत होते. "वारं. वारं. वारं." डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"रडू नगासा," आई म्हणाली. "बुजिवली बघा पोरानं." आणि तिनं त्यांच्या अंगावर आणखी एक वाकळ घातली.

तास-दीड तास तो एकच शब्द चालला होता. मग आवाज बारीक झाला. ऊन कलायच्या सुमाराला थांबला.

मी शर्ट काढून पायरीवर बसलो होतो, चाचा आणि मास्तरही होते. आई घोंगडं सारून बाहेर आली. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसत होतं.

"गप झोपल्यात," ती म्हणाली. "वारं लागायचं थांबलं एकदाचं. आणि हात लावून बघ जा की, अंग कसं गार पडलंय!"