मानक नगरातले अमेरिकी निरीक्षक

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अमेरिकेत होते असा जो सर्वसाधारण समज आहे, तो आमच्या घराण्यात तरी टिकलेला नाही. ती मानक नगरात होते. लखनौच्या मानक नगरात, रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत, उजव्या हाताच्या तिसऱ्या घरात, वेताच्या खुर्चीवर बसून माझे साडूभाऊ ती दर चार वर्षांनी घेतात आणि मधली तीन वर्षं तिची तयारी करतात. मी हे गमतीनं सांगत नाही. गंमत वाटायचे दिवस गेले. आता मी नुसता दमलोय.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अमरावतीचे. तरुणपणी रेल्वेत इंजिनियर होऊन इकडे आले आणि रुळांचे सांधे तपासता तपासता इथेच निवृत्त झाले. मी बँकेच्या बदलीनं आलो नि राहून गेलो, म्हणून त्यांच्या लेखी मी 'बँकवाले'. निवृत्तीनंतर कुणी बागकाम करतं, कुणी गुडघे दुखवून घेतं. साडूभाऊंनी इंटरनेटवर अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचायला आणि त्यांच्याखाली अभिप्राय लिहायला घेतलं. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, ही त्यांच्या मते निसर्गानं खास त्यांच्यासाठी केलेली सोय. उमेदवारांचा वादविवाद असला की साडेसहाला अंघोळ, धुतलेला कुर्ता, पुसलेला चष्मा, दोन फोन आणि एक टॅब अशी मांडणी होई. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, पोह्यांची बशी टॅबपासून वीतभर लांब ठेवत असत, कारण एकदा एका उमेदवाराच्या तोंडावर लिंबू पिळलं गेलं होतं.

त्यांचे अभिप्राय वाचताना मला माझी सगळी नोकरी पुन्हा केल्यासारखं वाटे. इंग्रजी अस्सल सरकारी. सुरुवातीला संदर्भ, मग क्रमांक घातलेले परिच्छेद, शेवटी 'अवलोकनार्थ सादर'. ज्या ठिकाणी माणसं एकमेकांना दोन अक्षरांत आईवरून शिव्या देत होती, त्या ठिकाणी हे 'आदरणीय महोदय' म्हणून प्रवेश करत. एकदा कुणीतरी त्यांना सरळ नरकात जायला सांगितलं. साडूभाऊंनी उत्तर दिलं, 'आपली सूचना प्राप्त झाली. तिच्यावर योग्य स्तरावर विचार चालू आहे.' त्या माणसानं पुढे काहीच लिहिलं नाही. बहुधा तोही सरकारी नोकर असावा.

लिहून झालं की साडेनऊला माझा फोन वाजे. "बँकवाले, अंगठा दिला का?" आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येकानं त्यांच्या अभिप्रायाला अंगठा, म्हणजे पसंतीची खूण, द्यायचा असा दंडक होता. नोएडात नोकरी करणारी माझी मुलगी वैतागून म्हणायची, "पापा, मौसाजी को समझाइए ना, मैं मीटिंग में हूँ यार." मीटिंगमधून का होईना, ती अंगठा द्यायची. एकदा चष्मा नव्हता म्हणून माझा अंगठा त्यांच्याऐवजी त्यांना 'महामूर्ख' म्हणणाऱ्याला पडला. साडूभाऊंनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी दिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच म्हातारे झालोय.

बैठकीत अमेरिकेचा मोठा नकाशा होता, जिल्ह्याजिल्ह्यासह. कुठल्या जिल्ह्यात मका पिकतो, कुठे कारखाना बंद पडला, कुठले लोक दर वेळी मत फिरवतात, सगळं त्यांना पाठ. आपल्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, कोण हे मात्र ठाऊक नव्हतं. तो पार्षद एकदा मतं मागायला हात जोडून घरात आला आणि नकाशापुढेच थबकला. "चाचाजी, ये कौन सी विधानसभा है?" त्यानं विचारलं. साडूभाऊंनी त्याला बसवून तिथली मतमोजणी पाऊण तास समजावली. तो उठताना इतकंच म्हणाला, "हमारे यहाँ तो भैया नाली का ही सवाल है." नाली खरंच तुंबली होती. साडूभाऊंना तिचा वास कधी आला नव्हता.

आता हा माणूस कोणत्या पक्षाचा, हे विचारू नका. आम्हा कुणालाच ते कळलं नाही. एका पक्षानं चूक आकडा सांगितला की हे त्याची चूक दाखवत, दुसऱ्यानं सांगितला की दुसऱ्याची. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांना विरोधकांचा पगारी हस्तक समजत. मी एकदा न राहवून म्हटलं, "साडूभाऊ, तुम्हाला तिथे मत नाही, तुमचं कुणी ऐकत नाही, काहून हा ताप?" त्यांची अमरावतीची बोली मी चिडवायला वापरली होती, पण ते शांतपणे म्हणाले, "बँकवाले, रुळावरून चाललो अन् सांधा ढिला दिसला, तर आपला सेक्शन नाही म्हणून पुढे जायचं का?"

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत आहे. गेल्या निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली आणि ताईंनी बॅग काढली. दुपटी, झबली, डिंकाचे लाडू, अमीनाबादच्या बाजारातून दोन फेऱ्या करून आणलेला चिकनच्या भरतकामाचा चिमुकला अंगरखा, सगळं त्या बॅगेत बसलं. मग व्हिसाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता: गेल्या काही वर्षांत आपण इंटरनेटवर कोणकोणत्या नावांनी लिहीत होता ते सांगा.

साडूभाऊ उलट खूश झाले. "शेवटी कुणीतरी अधिकृतपणे विचारलं," असं म्हणून ते सगळी नावं सुवाच्य अक्षरात उतरवायला बसले. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीत. "बाबा, प्लीज, फॉर्म भरने से पहले सब हटा दीजिए. सब कुछ."

"काहून? मी कोणाला एक शिवी तरी दिली का?"

"वो पढ़ेंगे नहीं बाबा. बस देखेंगे कि इतना सारा लिखा है, उनके इलेक्शन पर लिखा है. मेरे पेपर्स भी अभी अटके हुए हैं. समझिए ना."

साडूभाऊंनी फोन ताईंकडे दिला आणि आतल्या खोलीत गेले. चार दिवस अर्ज अर्धवट भरलेला टेबलावर पडून होता. पाचव्या दिवशी ताईंचा मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही या. तुमचं ऐकतात ते." हे धादांत असत्य होतं, पण गेलो.

ते नकाशाकडे पाठ करून बसले होते. मी मुलाची बाजू मांडली. ते म्हणाले, "नोकरीत मी लिहिलेला एक शेरा कधी खोडला नाही. साहेब ओरडले, बदली करतो म्हणाले, तरी नाही. आता या वयात खोडू?" तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "मला माझी नात पाहायची आहे. तुमची अमेरिका मी कधीच मागितली नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. "बँकवाले, या. दप्तर नष्ट करायचंय. साक्षीदार लागतो."

रेल्वेत म्हणे जुन्या फायली एकट्यानं नष्ट करायच्या नसतात. मी म्हटलं, खातंच बंद करून टाका एका झटक्यात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न पाहता धनादेश वटवायला सांगतोय. "न वाचता?" मग रोज दुपारी मी कॉलनीत जायचो. ते एकेक अभिप्राय मोठ्यानं वाचायचे, मी 'हटवा' म्हणायचो, ते बटण दाबायचे आणि वहीत मी सही करायचो. असे तीन आठवडे गेले. कंटाळा या शब्दाचे जे काही अर्थ कोशात असतील ते सगळे मी त्या खुर्चीत बसून भोगले. मक्याच्या भावावर सतरा परिच्छेद. टपाली मतदानाच्या पाकिटाच्या डिंकावर नऊ. मधूनच त्यांचं त्यांनाच हसू यायचं, "हे बरं लिहिलं होतं ना?" मी म्हणायचो, "बरं होतं. हटवा."

मग एका दुपारी ते वाचता वाचता अडले. कुठल्यातरी गावात मालगाडी रुळावरून घसरली होती आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले होते. त्या गदारोळात एका बाईनं लिहिलं होतं, की माझा नवरा याच मार्गावर रूळ तपासायचं काम करतो, तो घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हजारभर लोक भांडत होते, तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. साडूभाऊंनी तिला उत्तर दिलं होतं. क्रमांक घालून. थंडीत रूळ कसा आखडतो, सांधा कुठे उकलतो, नवऱ्यानं कशाकडे आधी पाहावं. शेवटी, 'आपल्या यजमानांना सांगावे की मीही बत्तीस वर्षे हेच केले आणि रोज घरी परतलो.'

बाईनं आभार मानले होते. मग महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच ती काही ना काही लिही. नवऱ्याची पाळी बदलली. बर्फ पडलं. तुमच्याकडे उन्हाळा कसा आहे? साडूभाऊ उत्तर देत: येथे आंबा सुरू झाला आहे. दोन वर्षं चालला होता तो पत्रव्यवहार, एका जुन्या बातमीच्या तळाशी, जिथे आता दुसरं कुणी फिरकत नव्हतं. त्यात निवडणुकीचा एक शब्द नव्हता.

मी 'हटवा' म्हटलं नाही. ते म्हणाले, "असं एकदम नाहीसं होणं बरं नाही. बाईंना वाटेल, काही झालं." त्यांनी लिहिलं, की काही कौटुंबिक कारणास्तव हा पत्रव्यवहार बंद करावा लागत आहे, यात आपला काही दोष नाही, यजमानांना हिवाळ्यात जपण्यास सांगावे. मग आम्ही तीन दिवस थांबलो. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सगळं पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं, बटण दाबलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा."

अर्जात त्यांनी सगळी नावं खरी लिहिली. दप्तर तेवढं रिकामं होतं. दिल्लीत मुलाखतीला ते लागतील त्या सगळ्या कागदपत्रांची दोनशे पानांची फाइल घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या तरुणानं विचारलं, कशाला जाताय? "नात पाहायला." नातवंडं किती? "सध्या एक." झालं. व्हिसा मिळाला. फाइल उघडलीच नाही याचं दुःख त्यांना व्हिसाच्या आनंदाहून मोठं झालं असं ताई म्हणाल्या, पण त्या स्वतः हसत होत्या, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

उन्हाळ्यात मी त्यांना अमौसीच्या विमानतळावर सोडून आलो. तिकडे प्रचार ऐन रंगात होता आणि मला खात्री होती, आता रोज प्रत्यक्ष रणभूमीवरून वृत्तांत येणार. मी मनाची तयारी केली, फोन चार्ज करून ठेवला. साडेनऊ वाजायचे आणि काहीच वाजायचं नाही. फक्त ताईंकडून नातीचे फोटो यायचे. काही फोटोंत मागे साडूभाऊंचा कुर्ता दिसायचा.

दसऱ्याला दोघं परत आले, तेव्हा ताईंनी सांगितलं, "शेजारी एक म्हातारे होते. दारात उमेदवाराची पाटी. एकदा कुंपणापाशी यांना म्हणाले, आमच्या निवडणुकीबद्दल तुमच्याकडे काय वाटतं हो लोकांना? भाऊजी, मी श्वास रोखला. आणि हे काय म्हणाले माहितेय? 'तुमच्याकडची झाडं फार हिरवी आहेत.'"

आम्ही सगळे हसलो. साडूभाऊही हसले. पण एका खऱ्याखुऱ्या मतदारानं त्यांचं मत आपणहून विचारलं होतं, हे घरी येताना माझ्या डोक्यातून जाईना.

निकालाच्या सकाळी मीच त्यांच्याकडे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात कोवळं ऊन होतं, दोघं मेथी निवडत बसले होते. मी फोन काढून राज्याराज्याचे आकडे वाचू लागलो. ते "अच्छा, अच्छा" म्हणत देठ बाजूला टाकत होते. तेव्हा मी एका राज्याच्या वाट्याची ठरावीक मतं, जी त्यांना झोपेतही पाठ होती, मुद्दाम चार कमी सांगितली. त्यांचा हात थांबला. ओठ हलले. मला वाटलं, आता येतंय. संदर्भ, परिच्छेद, सगळं येतंय. त्यांनी जुडीतली पुढची काडी उचलली. "चहा घेणार ना?" ते म्हणाले.

चहा झाला. निघताना मी म्हटलं, "साडूभाऊ, आता जाऊन आलात. पुन्हा लिहायला काय हरकत आहे?"

"पोराच्या कागदांचं अजून काही ठरलं नाही," ते म्हणाले. "अन् हिला पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. व्हिसा असला तरी आत घ्यायचं की नाही, ते दर वेळी तिकडे उतरल्यावर दारावर ठरतं."

ते फाटकापर्यंत आले. गल्लीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाले, "तो आकडा तुम्ही चार कमी सांगितला."

"हो."

"मुद्दाम ना?"

"हो."

"कळलं मला," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी लावून मेथी निवडायला परत गेले.