वर फक्त आम्ही दोघी होतो

हे आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पोटच्या पोरीला सांगितलं नाही, नवऱ्याच्या फोटोसमोर बसूनही नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

मी कोळीण. चौथीपर्यंत शाळा, मग टोपली. चाळीस वर्षं दादरच्या बाजारात मासे विकले. माझा आवाज असा, की मी या टोकाला ओरडले तर त्या टोकाची गिऱ्हाइकं मान वळवायची. हा आवाज ध्यानात ठेवा. सगळं त्यावरच आलं.

दुसरं एक ध्यानात ठेवा. आमच्यात बाई होडीवर जात नसे. पुरुष दर्यावर, बाई बाजारात. नवऱ्याने जन्मभर मला काठावर उभी केली. वास माझ्या अंगाला, दर्या त्याचा. मी सगळ्यांना सांगायची, दर्या मला पाठ आहे. कुठला पाठ? पाण्यात गुडघ्याच्या वर गेले नव्हते.

माझा मुलगा नितीन अंदमानला गेला. दहा वर्षं दुसऱ्याच्या बोटींवर राबला, मग स्वतःची शिडाची बोट केली. प्रवाशांना बेटाबेटांवरून फिरवायचा. बायको प्राची, लालबागची. बाप गिरणीत होता, घरात कुणी होडीला हात लावलेला नाही. आणि त्याने तिला सुकाणू धरायला शिकवलं. तिला.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी मुलगी रंजना तिकडे गेलो. नितीन म्हणाला, "पाहुणेबिहुणे काय नाय हां. बोटीवर आलात म्हणजे खलाशी. रंजू दोरखंड आणि चहा बघेल. आये, तू पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला बसायचं."

पहिल्याच सकाळी मला उलट्या झाल्या. थांबेचनात. प्राचीने पाणी आणून दिलं, पाठ चोळली, आणि हसली. "अहो आई, कोळीण असून तुम्हाला बोट लागते? मी लालबागची, मला काहीच होत नाही बघा!" रंजना हसली. नितीनही हसला. वाईट मनाने नव्हती बोलली ती. मला तेव्हाही कळत होतं.

पण ते मला लागलं. किती लागलं? चाळीस वर्षं काठावर उभी राहिलेली मी, आणि ती पोरगी सुकाणूवर एक हात ठेवून हसतेय—असं लागलं.

पाणी तिथलं आपल्यासारखं नाही. आपलं पाणी गढूळ, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तिथे रंग दिसतात. नितीनने मला तीनदा समजावलं. निळं म्हणजे खोल. हिरवं म्हणजे वाळू. तपकिरी दिसलं की खाली प्रवाळाचा खडक. "शीड मध्ये येतं, मागून प्राचीला पुढचं काही दिसत नाही. तू तिचे डोळे. तपकिरी दिसलं की ओरड. तुझा आवाज तर इथून दादरला जाईल!"

दुपारी एका छोट्या बेटाजवळ पोचलो. इंजिन खोकायला लागलं म्हणून नितीन बोटीच्या पोटात उतरला; तिथे इंजिनाच्या धडधडीत वरचं काही ऐकू येत नसे. रंजना खाली चहा टाकत होती. वर फक्त आम्ही दोघी. मी पुढे, ती मागे, मध्ये शीड.

आणि मला तपकिरी दिसलं.

स्वच्छ दिसलं. ऊन पाठीवर होतं, डोळ्यांना काही झालं नव्हतं. अंगणाएवढा डाग, बरोबर समोर. ओरडायला किती वेळ लागतो? माझ्यासारखीला? मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

मनात काय होतं तेही सांगते. आमच्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते, भरतीला आपोआप उठते. रोजचंच. मला वाटलं, बसेल जरा. हिची फजिती होईल. मग बघू कोण हसतं. खडक चिखलासारखा नसतो, हे मला कळलं नाही—पण हे मी सुटायला सांगत नाही. नुकसान केवढं होईल हे कळलं नाही. फजिती तर मला हवीच होती.

जो आवाज झाला तो अजून माझ्या दातांत आहे. बोट चढली, कलली, तळ फाटला. पाणी उतरलं तशी ती आडवी झाली, आणि भरती आली तेव्हा उठली नाही. भरली. तिथल्या मच्छीमारांनी आम्हाला त्यांच्या डिंगीत घेतलं. नितीन काठावर वाळूत बसून बोटीकडे बघत होता. दहा वर्षं.

त्याने विचारलं, "आये, तू ओरडली नाहीस?"

इथे खरं बोलता आलं असतं. एवढी एकच जागा होती.

मी म्हणाले, "ओरडले की! दोनदा ओरडले. हिला ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?"

प्राची म्हणाली, "मला काहीच ऐकू आलं नाही हो आई. शप्पथ." नितीनने तिच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणापासून माझा आवाज ऐकलाय त्याने. आईने हाक मारली आणि ऐकू आली नाही, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मग—हे सगळ्यात वाईट—तिनेही ठेवला.

आता ती दोघं माझ्याकडे प्रभादेवीला राहतात. नितीन परळला लिफ्टच्या दुरुस्तीवर जातो. समुद्राचं नाव काढत नाही. शिवाजी पार्कला गेलो तरी चौपाटीकडे पाठ करून बसतो. प्राचीने कान तपासून घेतले, दोनदा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान उत्तम. नितीन एवढंच म्हणाला, "मग लक्ष कुठे होतं तुझं?" पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं होतं.

रस्ता ओलांडताना ती माझा दंड धरते. "आई, हॉर्न वाजला का?" कुकरच्या शिट्ट्या मला मोजायला लावते.

सात महिन्यांची मुलगी आहे तिला. दुपारी बाळाला घेऊन आडवी झाली, की बाळाच्या पायापासून स्वतःच्या मनगटापर्यंत नाडी बांधून घेते. बाळ रडलं आणि आपल्याला ऐकू आलं नाही तर? पाय हलला की हाताला कळेल, म्हणते. काल बाळ नुसतं कुरकुरलं. एवढंसं. प्राची ताडकन उठून बसली आणि मला विचारलं, "आई, रडली का हो ती? की मला भास झाला?"

मी म्हणाले, "रडली." पुढचं वाक्य जिभेवर होतं. मी ते गिळलं.

तिला एका हाताने गाठ मारता येत नाही. म्हणून ती रोज मनगट माझ्यापुढे करते. आजही केलं. मी गाठ मारली, टोपलीला मारायची तशी, न सुटणारी.