घरातला सर्व्हर आज वेळेवर उठला

आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. त्याचा ठणठण आवाज मी कायम रस्त्यातच ऐकला. वर्गात पोचेपर्यंत कवितेचं पहिलं कडवं संपलेलं असायचं.

मंडळी, माझ्या घरी एक छोटा सर्व्हर आहे. आम्हा वर्गमित्रांनी म्हटलेल्या शाळेतल्या कविता त्यात साठवल्यात. रोज दहाला म्हणता म्हणता पावणेअकराला मी त्याचं बटण दाबतो. मग गुलमंडीत, कापडाच्या दुकानात बसलेला माझा वर्गमित्र सलीम मोबाइलवर त्या ऐकतो. संध्याकाळी बंदही मीच करतो.

काल लेकीनं फोनवरून सांगत माझ्याकडून वेळ लावून घेतली. "बाबा, आता दहाला आपोआप सुरू, सहाला बंद. तुम्ही उठायचंच नाही."

आज दहाच्या ठोक्याला हिरवा दिवा लागला. मी चहाचा कप घेऊन बघत राहिलो. करमेना. तीनदा त्या खोलीत जाऊन आलो, बटणावर उगीच बोट ठेवलं, काढलं. ज्या कामासाठी उठत होतो, तेच गेलं. तुमचं होतं का हो असं कधी?

एवढ्यात खाली रिक्षा थांबली. गुडघ्यांमुळे सलीम चिकलठाण्याला माझ्या घरापर्यंत कधी येत नाही. आज जिना चढून, धापा टाकत दारात उभा!

मला खालीवर न्याहाळून म्हणाला, "जिंदा है ना तू? अरे, दहा म्हणजे दहालाच चालू झालं! जिंदगीत कधी वेळेवर आलास का? म्हटलं, आज बटण दुसऱ्याच कुणी दाबलं."