रिकामी फिरणारी गिरणी

मयूर विहारात आमच्या घरासमोर मेट्रोचे काम निघाले आणि रस्त्याच्या मधोमध पत्र्यांची उंच भिंत उभी राहिली. पलीकडची पिठाची गिरणी दिसेनाशी झाली. तिचा आवाज मात्र येत असे.

एकदा लांबचा वळसा घालून मी दळण घेऊन गेलो. तेथे एकही डबा नव्हता आणि गिरणी रिकामीच फिरत होती.

“खाली क्यों चला रहे हो? पत्थर घिस जाएँगे,” मी म्हणालो.

“घिसने दो, बाबूजी,” गिरणीवाला म्हणाला. “आवाज बंद हुई तो लोग समझेंगे, दुकान उठ गई.”

त्यानंतर घरी बसूनही मला कळू लागले की दळण पडले आहे की दगडावर दगड घासतो आहे. बहुधा दगडच घासत असत. घरी आम्हा नवरा-बायकोला पीठ ते किती लागणार? तरी मी थोडे थोडे गहू नेत राहिलो.

एका सकाळी आवाज आला नाही. मी डबा घेऊन गेलो. गिरणीचा पट्टा उतरवलेला होता.

“मोटर बिक गई,” तो डब्याकडे न पाहता म्हणाला.

मी गहू तसेच परत आणले.

मेट्रो सोयीची आहे. मीही तिने जातो. गिरणीच्या जागी आता काय आहे, ते मी पाहिलेले नाही.